क्लोव्हिस टीग थाळी

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचं नाव खेचरं. हॅलोवेची खेचरं. ज्यानं कुणी ठेवलं तो शहाणा माणूस असला पाहिजे. ओझं वाहायचं, फटके खायचे आणि संध्याकाळी पुढ्यात पडेल तो चारा मुकाट चघळायचा, हे खेचरालाच जमतं. बाकी कौतुकाला तोटा नाही. रविवारी देवाला भेटायला येत नाहीत तेवढी माणसं शनिवारी खेचरांना भेटायला येतात, आणि देवापुढे गप्प बसणारी माणसं तिथं घसा बसेपर्यंत ओरडतात.

स्टेडियमच्या फाटकासमोर हॅचेटची खाणावळ आहे. मी तिथं वाढते. लग्न झालं त्या वर्षी लागले, नवरा गेला, गुडघे गेले, नोकरी तेवढी राहिली. गावात मला सगळे मिस डॉट म्हणतात. खाणावळीचा मालक बुफर्ड हॅचेट हा खेचरांच्या समर्थक मंडळाचा अध्यक्ष. पोट पुढे आणि आवाज पोटाच्याही पुढे. माणूस मनानं वाईट नाही, पण दुसऱ्याच्या वस्तूवर उदार व्हायची त्याला जुनी खोड आहे.

आमच्याकडे थाळ्यांना खेळाडूंची नावं असतात. दातांचा डॉक्टर लॅनी क्रम हा एके काळचा खेळाडू, त्याच्या नावाची थाळी म्हणजे उकडलेली कोंबडी. ती कुणी मागवत नाही, पण लॅनी दर आठवड्याला येतो, मेनूवर आपलं नाव आहे ना बघतो, आणि सँडविच खाऊन जातो. खपते ती फक्त क्लोव्हिस टीग थाळी. तळलेला पोर्क चॉप, म्हणजे डुकराच्या मांसाचा हाडासकट तुकडा, लोण्यातले पावटे, मक्याचा पाव आणि शेवटी गरम पीच कॉब्लर, पीचच्या फोडींवर पिठाचा थर देऊन भाजलेलं गोड. लांबून मोटारी काढून लोक ती खायला येतात.

मेनूच्या पहिल्या पानावर क्लोव्हिसचा फोटो आहे. चहाच्या पेल्यांवर आहे, दारापाशी विकायला ठेवलेल्या टी-शर्टांवर आहे, आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर तर दरवाजाएवढा आहे. चिखलानं माखलेला विशीतला काळा पोरगा, दोन्ही हातांत थाळी, तोंडभर हसू. शेजारी बुफर्ड, तेव्हा बारीक होता, थाळी देताना कॅमेऱ्याकडे बघतोय.

तो फोटो काढला त्या दिवशी आम्ही डॅन्सबीला हरवलं होतं. डॅन्सबी म्हणजे आमचे जन्माचे वैरी. शेवटच्या मिनिटाला क्लोव्हिस चेंडू छातीशी धरून, आमच्या फुटबॉलात तो हातात घेऊनच पळतात, अख्खं मैदान पळाला, चार जण अंगावर घेऊन रेषेपलीकडे पडला, आणि हॅलोवे वेडं झालं. मीही होते स्टेडियमात, गुडघाभर चिखलात. सामना संपल्यावर बुफर्डनं त्याला ओढतच खाणावळीत आणलं. थाळी भरली मी. क्लोव्हिस खिशात हात घालायला लागला तेव्हा बुफर्ड म्हणाला, पैसे काढलेस तर हात मोडीन. आणि फुकटची जाहिरात होईल म्हणून वर्तमानपत्राच्या फोटोवाल्याला त्यानंच हाक मारली.

तेव्हा नियम असा होता की खेळाडूनं समर्थकाकडून फुकट काही घ्यायचं नाही. कोच पगार घेई, कॉलेज तिकिटं विकी, बुफर्ड थाळ्या विकी, त्याला कुणाची हरकत नव्हती. पोरानं मात्र एक चॉपसुद्धा खायचा नाही, खेळ अपवित्र होतो. फोटो छापून आला. वरून चौकशी आली. क्लोव्हिसला पुढचं सगळं वर्ष घरी बसवलं, आणि जिंकलेला तो सामना रद्द केला. म्हणजे आम्ही हरलो असं नाही, डॅन्सबी जिंकली असंही नाही. तो सामना झालाच नाही, असं ठरलं. स्टेडियमच्या फाटकावर जिंकलेल्या सामन्यांचा मोठा फळा आहे, त्यावरच्या त्या ओळीवर पांढरा रंग फासला. बुफर्डला काही झालं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

व्यावसायिक संघांची माणसं क्लोव्हिसला बघायला यायची ती येईनाशी झाली. त्यानं गॅसच्या टाक्या पोचवणारी गाडी चालवली आणि त्यावर संसार केला. आणि दर मंगळवारी तो खाणावळीत येतो, खिडकीजवळ बसतो, स्वतःच्या नावाची थाळी मागवतो आणि घास तोंडात घालायच्या आधी पूर्ण पैसे टेबलावर ठेवतो. एकदा मी म्हटलं, अहो, तुम्ही कशाला देता? तर म्हणाला, एकदा नाही दिले, त्याचं बिल अजून फेडतोय. इथं येताच तरी कशाला, असंही मी विचारलं होतं. माझं नाव बरं शिजतंय का ते बघायला नको का, म्हणाला. बुफर्ड बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना खिडकीकडे बोट दाखवी, तोच बरं का तो, खुद्द. मग लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत, आणि त्याचा कॉब्लर गार होई.

मग कायदा बदलला. पोरांना आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येतील असं ठरलं, आणि आमच्या समर्थक मंडळाला सुतक लागलं. मंडळाची बैठक दर गुरुवारी सकाळी खाणावळीच्या मागच्या खोलीत असते, कॉफी मीच देते, त्यामुळे सगळं कानावर येतं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, खेळातलं प्रेम संपलं. पाद्री म्हणाला, लोभ हा सगळ्या पापांचा बाप आहे. कोच तिथंच बसून मान हलवत होता, त्याला वर्षाला चाळीस लाख डॉलर मिळतात. याच मंडळींनी वर्षानुवर्षं चांगल्या पोरांशी हात मिळवताना तळहातात घडी घातलेली नोट सरकवलेली आहे. चोरून द्यायचं ते प्रेम आणि पावती घेऊन द्यायचं ते पाप, असा एकंदर हिशोब होता.

त्या वर्षी संघात कीशॉन रड नावाचा नवा पोरगा आला होता. चेंडू असा फेकायचा की डॅन्सबीचे लोकसुद्धा टाळी वाजवून मग हात खिशात लपवत. बुफर्डच्या तोंडाला पाणी सुटलं. कीशॉन रड थाळी, दोन चॉप, किंमत जास्त, असं त्यानं मनात पक्कं केलं आणि पोराला बोलावणं धाडलं. पोरगा आईला घेऊन आला.

आई व्हर्निटा रड. शेजारच्या जिल्ह्यात शाळेची बस चालवते. साठ पोरांची बस एका नजरेच्या धाकात ठेवणारी बाई, तिच्यापुढे बुफर्ड म्हणजे काय. ती बसली, चहा घेतला, त्याचे पैसे दिले आणि शांतपणे सांगितलं की नाव हवं असेल तर दर थाळीमागे एक डॉलर, आणि फोटोचे वेगळे. बुफर्ड हसला. ती हसली नाही. मग त्याचे कान तांबडे झाले.

"बाई, तुमच्या पोराचं नाव माझ्या मेनूवर येणं हा मान आहे," तो म्हणाला.

"मानाला पोर्क चॉपसारखी किंमत लावलीत तुम्ही," व्हर्निटा म्हणाली. "आम्ही फक्त वाटा मागतोय."

बुफर्डनं भिंतीकडे बोट केलं. तो बघा क्लोव्हिस टीग, इतक्या वर्षांत एका पैशाला शिवला नाही, उलट दर मंगळवारी स्वतः पैसे देऊन जेवतो, याला म्हणतात खेळावरचं प्रेम. हे तो इतक्या मनापासून म्हणाला की माझ्या हातातली किटली त्याच्या मांडीवर कलंडता कलंडता राहिली. आणि बोलता बोलता त्याला कल्पना सुचली. येत्या गुरुवारी मंडळापुढे क्लोव्हिसलाच उभा करायचा, या मायलेकांना समोर बसवायचं, आणि त्याच्या तोंडून चार शब्द ऐकवायचे. कॉलेजचे क्रीडाप्रमुख मिस्टर प्रेंटिस यांनाही बोलवायचं. पैशावाचून खेळलेला माणूस डोळ्यांनी बघितला की बाई विरघळेल, असा त्याचा कयास होता.

क्लोव्हिस हो म्हणाला याचं मला नवल वाटलं. मंगळवारी थाळी ठेवताना मी चिडून विचारलं, हे कसलं भाषण करताय, त्या गाढवाच्या सांगण्यावरून? त्यानं आधी पावटे संपवले.

"प्रेंटिस येणार आहे ना, मिस डॉट?" तो म्हणाला. "त्याला एक विचारायचंय. फळ्यावरचा तो सामना परत लिहा म्हणायचंय. बाकी काही नको."

पैशाची वेळ आलीय आणि तुम्ही रंगाचा डबा मागताय, मी म्हटलं.

"आई कपडे धुण्याच्या कारखान्यात होती. शनिवारची सुट्टी तिला कधी मिळायची नाही. आयुष्यात माझा एकच सामना तिनं पाहिला, तो हा. मरेपर्यंत सांगत होती लोकांना. आणि लोक म्हणायचे, अहो, तो तर झालाच नाही."

एवढं बोलून त्यानं कॉब्लर पुढे ओढला. मला रडू येत होतं, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन पोऱ्याला विनाकारण झापलं.

गुरुवारी मागची खोली भरली. व्हर्निटा बसचा गणवेश घालूनच आली होती, कीशॉन तिच्या शेजारी, खुर्चीत न मावणारा. बुफर्डनं दहा मिनिटं प्रस्तावना केली. चिखल, घाम, संघाचा लाल रंग, प्रेम, सगळं काढलं. मग स्वतःच्या हातानं वाफाळती थाळी आणून क्लोव्हिसपुढे ठेवली. म्हणाला, ही माझ्यातर्फे, आता कोणता कायदा आडवा येतो बघू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लोव्हिसनं थाळी हातभर लांब सरकवली आणि टोपी काढून उभा राहिला.

"मिस्टर बुफर्ड," तो म्हणाला, "त्या दिवशी डॅन्सबीविरुद्ध मी खेळलो होतो ना?"

"अरे, हे काय विचारणं झालं? अख्खं गाव साक्षीला आहे."

"मग फळ्यावर का नाही?"

बुफर्डनं प्रेंटिसकडे बघितलं. बाकी सगळ्यांनी कॉफीकडे बघितलं. मिस्टर प्रेंटिस सभ्य गृहस्थ, कोट घालून कोरी बिस्किटं खातात. त्यांनी घसा साफ केला.

"मिस्टर टीग, भावनेनं पाहिलं तर तुम्ही नक्कीच खेळलात. नोंदीनं पाहिलं तर तो सामना झालेला नाही."

"आणि हा फोटो?"

"फोटो नोंदीत धरत नाहीत."

"मग तो सामना परत लिहा, साहेब. तेवढंच मागायला आलोय."

प्रेंटिसनी फार सहानुभूतीनं समजावलं. एक सामना परत लिहिला की पुसलेले बाकीचेही उठून बसतील. डॅन्सबीवाले ओरडतील. वरच्यांची परवानगी लागेल. तेव्हाचा नियम तेव्हा बरोबर होता, आताचा आता बरोबर आहे, मध्ये कुणाचीच चूक नाही. बुफर्ड म्हणाला, क्लोव्हिस, आमच्या मनात तो सामना कोरलेला आहे, फळ्याचं काय घेऊन बसलास. मंडळाचा अध्यक्ष हा, स्टेडियमचं छप्पर याच्या वर्गणीतून झालेलं, एक शब्द टाकला असता तर संध्याकाळच्या आत ओळ लिहून झाली असती. तो शब्द त्यानं टाकला नाही.

क्लोव्हिस कीशॉनकडे वळला.

"पोरा, ही माणसं वाईट नाहीत. प्रेमही खरं करतात. पण उद्या काही झालं तर फळ्यावरून तुला पुसतील आणि मेनूवर ठेवतील. आई सांगते तसं कर. पैसे घे, आणि आधी घे."

"आमेन," पाद्री सवयीनं म्हणाला, आणि मग त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

खोलीतून पहिल्यांदा व्हर्निटा बाहेर पडली, मागोमाग पोरगा. दारात थांबून तिनं क्लोव्हिसचा हात दोन्ही हातांत घेतला. बुफर्ड आठवडाभर धुसफुसत होता. मग त्याला कळलं की हमरस्त्यावरच्या वॅफलवाल्यानं कीशॉनच्या आईला दुकानात बोलावलंय. संध्याकाळी बुफर्ड स्वतः गाडी घेऊन तिच्या दारी गेला. थाळीमागे एक डॉलर, फोटोचे वेगळे, पैसे आधी. खेळातलं प्रेम पुन्हा जिवंत झालं असं ट्रॅक्टरवाला म्हणाला, कारण पोरगा वॅफलवाल्याकडे गेला नाही.

तो करार करताना बुफर्डचा वकील मेनू चाळत बसला होता. त्यानं बुफर्डला विचारलं, या एकाला पैसे दिलेत, मग बाकीच्या नावांचं काय, त्यांचे कागद आहेत का? कागद कसले? वकील म्हणाला, घ्या करून, नाहीतर उद्या कुणीही कोर्टात उभा राहील. मग बुफर्डनं एकेकाला बोलावून सह्या घेतल्या. मोबदला म्हणून जन्मभर ती थाळी फुकट. लॅनी क्रमनं वाचायच्या आधीच सही केली आणि पहिल्यांदाच उकडलेली कोंबडी मागवली. अर्धी टाकली.

क्लोव्हिसपुढे कागद ठेवला तेव्हा मी शेजारच्या टेबलावर मिठाच्या बाटल्या भरत होते. त्यानं तो शांतपणे वाचला. जन्मभर थाळी फुकट, या ओळीवर बोट ठेवून तो हसायला लागला. आधी बिनआवाज, मग खांदे हलायला लागले, मग डोळे पुसावे लागले. बुफर्डलाही बरं वाटून तो हसू लागला. त्याला खरंच कळलं नव्हतं. ज्या थाळीपायी त्या माणसाचं आयुष्य गेलं तीच थाळी, त्याच माणसाला, तोच मालक परत देत होता, या वेळी वकिलाच्या साक्षीनं.

"माझी किंमत तुम्हाला माहीत आहे, मिस्टर बुफर्ड," क्लोव्हिस म्हणाला. "फळ्यावरची ओळ."

बुफर्डनं हात वर केले, माझ्या हातात काय आहे. क्लोव्हिसनं पेन टोपण लावून परत दिलं.

सही नाही म्हटल्यावर वकिलानं नाव काढायला सांगितलं. नवे मेनू कीशॉनच्या फोटोसह छापायला गेलेले, तोवर जुन्यांवर क्लोव्हिसच्या नावावर आणि फोटोवर पांढरी पट्टी चिकटवायची, पेले आणि टी-शर्ट काढून ठेवायचे, असं ठरलं. पट्ट्या मला चिकटवायला सांगितल्या. माझे गुडघे दुखतात असं मी सांगितलं, आणि गुडघ्यांचा यात काय संबंध हे विचारायची बुफर्डची छाती झाली नाही. त्यानं स्वतः चिकटवल्या. भिंतीवरचा मोठा फोटो टाकवेना, कारण त्यात तो स्वतः बारीक दिसतो. म्हणून कारागीर बोलावून फोटो कापला. आता त्यात एकटा बुफर्ड हसत थाळी पुढे करतोय, आणि थाळीच्या कडेला चिखलानं भरलेली चार काळी बोटं आहेत. बोटांवरून माणूस ओळखता येत नाही, बोटं चालतील, असं वकील म्हणाला.

लोकांना पट्टीचं काही नव्हतं. ते मेनू न बघताच सांगत, दोन क्लोव्हिस आण गं, मिस डॉट, एकात पावटे जास्त.

मंगळवारी क्लोव्हिस येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो नेहमीच्या वेळी आला आणि खिडकीजवळ बसला. मी मेनू दिला. इतक्या वर्षांत त्यानं तो कधी उघडलाही नव्हता, आज उघडला. पांढऱ्या पट्टीवरून नख फिरवलं. मग मान वर करून भिंतीकडे, त्या चार बोटांकडे, बराच वेळ बघत राहिला. काय आणू, मी विचारलं. त्यानं पट्टीवर बोट ठेवलं. हेच आण, म्हणाला.

मी थाळी आणली. टेबलावर पैसे नव्हते. मला वाटलं, विसरला. तो सावकाश जेवला, चॉपचं हाड स्वच्छ केलं, मक्याच्या पावानं ताट पुसलं, आणि कॉब्लर गरम असतानाच खाल्ला, कारण त्या दिवशी त्याच्या खांद्यावर हात टाकायला कुणी आलं नाही. मग उठला, टोपी घातली आणि गल्ल्यावरून सरळ दाराकडे निघाला.

बुफर्ड गल्ल्यावर होता. त्याला आधी उमगलंच नाही. मग तो म्हणाला, "क्लोव्हिस? बिल?"

क्लोव्हिस दारात वळला. आयुष्यभर तो त्याला मिस्टर बुफर्ड आणि तुम्ही म्हणत आलेला. मालकानं अरेतुरे करायचं आणि यानं मिस्टर म्हणायचं, हा इथला रिवाज आमच्या सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडलाय की तो मोडला तेव्हाच ऐकू आला.

"मेनू बघ, बुफर्ड," तो म्हणाला. "क्लोव्हिस टीग इथं जेवलाच नाही."

बाहेर क्लोव्हिसनं गाडी चालू केल्याचा आवाज आला, मग तो आवाज फाटकावरून, फळ्यासमोरून लांब गेला. मी टेबल आवरायला गेले. माझी टीप नेहमीसारखी बशीखाली ठेवलेली होती.